सतरा फूट वाढीव

आमचं घर गेल्या वर्षी सतरा फुटांनी वाढलं. लांबीला. रुंदीला एक इंचही नाही.

बातमी कळल्यावर पुण्यात आमच्या आईनं शेजारीपाजारी पेढे दिले आणि सांगितलं, "लेकीनं मोठं घर घेतलं, लंडनजवळ, पाण्याकाठी." यात खोटं काही नाही, फक्त 'काठी'च्या जागी 'वर' म्हणायला हवं होतं. आईला बोल लावण्यात अर्थ नाही. पुणेकराला कालवा म्हटलं की मुठा उजवा कालवा दिसतो, खडकवासल्याहून निघून हडपसरकडे जाणारा, आणि त्यात कुणी संसार थाटल्याचं ऐकिवात नाही. सहा वर्षांपूर्वी, भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही कालव्यावर बोटीत राहायला जातोय असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा ती इतका वेळ गप्प होती की मला वाटलं लाइन गेली. मग हळूच म्हणाली, "दोघांच्याही नोकऱ्या आहेत ना गं अजून?"

इंग्लंडातल्या कालव्यांवरच्या या बोटींना नॅरोबोट म्हणतात. पोलादी, चपट्या बुडाची, दीड एस.टी. चाकं काढून पाण्यात सोडली तर जशी दिसेल तशी. हजारो लोक बारा महिने त्यात राहतात. आमची पहिली चाळीस फुटी होती, नवी सत्तावन्न फुटी आहे. दोन्हींची रुंदी सहा फूट दहा इंच, आणि भिंतींचं अस्तर वजा जाता आत हाती लागते ती सहा फूट. म्हणजे वन आर.के.मधून आम्ही वन बी.एच.के.त आलो, पण ते सगळं एकाच बोळात बांधलेलं. आधी बैठक, तिच्यामागं स्वयंपाकघर, मग न्हाणी, मग झोपायची खोली. पूर्वी नवऱ्याला हाक मारली की तो समोरच असायचा. आता हाक मारली तर "काय?" असं उत्तर येतं. सतरा फुटांचा पहिला फायदा त्याला झाला.

रुंदीची तक्रार करायची तर ती जेम्स ब्रिंडलीकडे करावी लागेल. हा १७१६ सालचा माणूस. गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारा कारागीर, लिहिण्यावाचण्याचं अंग बेताचंच. ब्रिजवॉटरच्या ड्यूकला आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायचा होता, त्यासाठीचा कालवा यानं काढला. तो १७६१ मध्ये सुरू झाला. पुढं ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणारा कालवा आखताना त्यानं लॉकं, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी भरून किंवा सोडून बोट वर चढवायचे नाहीतर खाली उतरवायचे हौद, जेमतेम सात फूट रुंद ठेवली. लॉक अरुंद असलं की पाणी कमी लागतं, आणि वाटेत हेअरकॅसलच्या टेकडीखालून बोगदा खणायचा होता, तोही अरुंद चालणार होता. त्या बोगद्याला अकरा वर्षं लागली. तो पुरा झाला १७७७ मध्ये. ब्रिंडली १७७२ मध्येच गेला होता. सात फूट तेवढे मागं राहिले. माझ्या ओट्यासमोर दोन माणसं एकावेळी उभी राहू शकत नाहीत याला जबाबदार असलेला इसम अडीचशे वर्षांपूर्वी वारला, त्यामुळं भांडायचीही सोय नाही. अवघड प्रश्न पडला की ब्रिंडली अंथरुणात जाऊन पडायचा आणि उत्तर सापडल्यावरच उठायचा, असं सांगतात. यातला पूर्वार्ध आमच्या घरात एकजण नेमानं पाळतो.

आम्ही असतो त्या ग्रँड युनियन कालव्यावर खरं तर चौदा फुटी लॉकं आहेत. तिथं बारा फूट रुंदीची बोटही चालते. आम्ही एक पाहिलीसुद्धा. आत सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालता येत होती! पण ती बोट ब्रॉन्स्टनपलीकडे ऑक्सफर्ड कालव्याच्या सात फुटी लॉकात शिरणार नाही, आणि नवऱ्याला सगळा देश बोटीनं पाहायचा आहे. सत्तावन्न फूटही त्याच हिशेबानं. यॉर्कशरमधल्या कॅल्डर अँड हेबल या जलमार्गावरची लॉकं सत्तावन्न फुटांच्या आसपासच आहेत. त्याहून लांब बोट तिथं अडते. आम्ही अजून यॉर्कशरला गेलेलो नाही. जायचं ठरलं तर बोट अडणार नाही, इतकी तजवीज आहे.

मुळात मोठी बोट घ्यायची वेळ आली ती सासूबाईंच्या व्हिसामुळं. सहा महिन्यांचा व्हिसा मिळाला आणि चाळीस फुटांत पाहुण्याला झोपवायची व्यवस्था अशी होती: जेवणाचं टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग होतो. पलंग झाला की टेबल नाही. म्हणजे सासूबाईंना झोप आली की घरातलं जेवण संपलं, आणि सासूबाई उठेपर्यंत कुणाला चहा नाही.

बोट घेणं हे लग्न जमवण्यासारखंच असतं. आधी नुसतं बघून यायचं, चहा प्यायचा. मग बोट पाण्याबाहेर काढून तिची तपासणी. तपासनीस बुडाला ठिकठिकाणी यंत्र लावून पोलादाची जाडी मोजतो. बुडाला दहा मिलिमीटर, बाजूंना सहा, छपराला चार असा साधारण रिवाज. आमची एके ठिकाणी जराशी झिजलेली निघाली. नवऱ्याचा चेहरा असा झाला की जणू मंगळ निघालाय. "या वयात एवढं चालायचंच," तपासनीस म्हणाला, आणि बोट पसंत पडली.

मग नावाचा प्रश्न. बोटीला आधीच्या मालकानं आपल्या आजीचं नाव दिलेलं होतं, दोन्ही बाजूंना, ठसठशीत अक्षरांत, भोवती गुलाबाची फुलं. ते बदलावं असं नवऱ्याला वाटत होतं. पण बोटीचं नाव बदलणं अपशकुनी असं बोटवाली माणसं मानतात. शिवाय माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायला अंगठी पुढं आली होती, तेव्हा मी ताट मागं सरकवलं होतं. त्या आजीबाईंचं नाव मी कोणत्या तोंडानं पुसू?

तर आजीबाई घरात आल्या आणि त्यांचे स्वभाव कळू लागले.

पहिला स्वभाव वळण्याचा. बोट पुढून वळत नाही. तिच्या पोटात मध्यावर कुठं तरी एक अदृश्य खुंटी असते, तिच्याभोवती ती फिरते. नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे, आणि उजवीकडे नेमकी कुणाची तरी नुकती रंगवलेली बोट उभी असते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की ती उजवीकडे जाते. ब्रेक नाही. उलटा गिअर टाकला की सुकाणूचं ती ऐकत नाही, तिला वाटेल तिकडे जाते. हे सगळं जुन्या बोटीलाही लागू होतं, पण जुनी म्हणजे सायकल होती. ही उसानं भरलेली ट्रॉली आहे. वजन सोळा-सतरा टन आणि वेगाची मर्यादा ताशी चार मैल. ताशी तीन मैलांनी सतरा टन एखाद्या पुलाकडे निघाले की तो अपघात व्हायला पुरेसा वेळ लागतो. त्या वेळात चूक कुणाची यावर दोघांची चर्चा होऊन निकालही लागतो, आणि मग धडक बसते.

कालवा इतका अरुंद की लांब बोट हवी तिथं फिरवता येत नाही. त्यासाठी मैलामैलांवर काठ खरवडून केलेले खिसे असतात, त्यांना वाइंडिंग होल नव्हे, विंडिंग होल म्हणायचं; वाऱ्याच्या जोरावर बोट वळवायचे म्हणून ते नाव, असं जुनी माणसं सांगतात. जुन्या बोटीच्या काळात आम्ही त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. चाळीस फूट कुठंही वळायचे. नव्या बोटीचा तिसरा दिवस. नवऱ्यानं सवयीनं एका खिशात नाक घातलं. नाक आत गेलं, शेपूट फिरू लागलं, निम्म्यावर आलं आणि थांबलं. पुढचं टोक चिखलात, मागचं टोक समोरच्या काठाला. सदाशिव पेठेच्या बोळात वरातीचा ट्रक आडवा व्हावा तसे आम्ही ग्रँड युनियनला आडवे.

बांबू घेऊन मी पुढं, बांबू घेऊन तो मागं. दोन्हीकडून एकेक बोट येऊन थांबली. काठावरच्या पायवाटेवर कुत्री फिरवणारी माणसं जमली. इंग्रज माणूस अशा वेळी सल्ला देत नाही, हे पुण्याहून आलेल्या माणसाला फार झोंबतं. कुणी 'हां, घ्या घ्या, अजून घ्या' असं म्हणेना. सगळे शांतपणे, सहानुभूतीनं बघत होते. अखेर एक टोपीवाले आजोबा कुत्र्याकडे बघत "सुएझ" एवढंच म्हणाले. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं चारशे मीटरचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं होतं, त्याची ती आठवण. आम्ही चाळीस मिनिटांत सुटलो. वजनाच्या प्रमाणात पाहिलं तर कामगिरी वाईटच.

त्या संध्याकाळी घरात खातेबदल झाला. तोवर नवरा सुकाणूवर आणि मी लॉकवर अशी वाटणी होती. कालव्यावर बहुतेक बोटींवर तीच दिसते: पुरुष बोटीवर दूर कुठं तरी क्षितिजाकडे बघत उभा, आणि बायको काठावर लॉकच्या दाराच्या लाकडी तुळईला पाठ लावून, पाय रोवून ते ढकलतेय. झडपा उघडायचं लोखंडी हँडल तिच्याच कमरेला. ही वाटणी कुणी केली ते माहीत नाही. ब्रिंडलीनं केली असेल तर त्याच्या खात्यावर आणखी एक नोंद. तेव्हापासून सुकाणू माझ्याकडे आणि दारं त्याच्याकडे. मी आजवर दोनच बोटींना धडकले आहे, त्यातली एक रिकामी होती.

लॉकमध्ये मात्र विनोद चालत नाही. खाली उतरताना वरच्या दाराच्या आत, पाण्याखाली एक दगडी कट्टा असतो. भिंतीवर पांढरी रेघ काढून त्याची हद्द दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या कट्ट्यावर टेकलं आणि पाणी उतरत गेलं, तर पुढचं टोक खाली, मागचं वर अडकलेलं. काही मिनिटांत बोट बुडते. तो कट्टा म्हणजे उंबरठाच, 'सिल' या त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थही तोच. उंबरठ्यावर बसू नये असं आमची आजी सांगायची, कारण कधी सांगितलं नाही. लॉकात उतरताना दर वेळी मी मागं वळून ती रेघ बघते.

सासूबाई हीथ्रोला उतरणार म्हणून आम्ही बोट हेजच्या बुल्स ब्रिजकडे आणायला निघालो. साउथॉलच्या सुमाराला इंजिन घरघरलं आणि पुढं सरकणं बंद झालं. पंख्यात काही तरी अडकलं की इंजिन बंद करून, किल्ली काढून, मागच्या फळ्यांखालचं एक झाकण उघडायचं आणि थंडगार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. नवऱ्यानं घातला. वीस मिनिटांनी हातात आली ती लाल, जरीच्या काठाची ओढणी, आणि तिच्या टोकाला गाठीत बांधलेला नारळ. साउथॉलमध्ये आपली वस्ती दाट, आणि वाहतं पाणी म्हणून जवळ आहे तो कालवा. पण समुद्राला वाहिलेला नारळ ओहोटीबरोबर जातो. कालव्याला ओहोटी नाही. वाहिलेला नारळ मनोभावे तिथंच तरंगत राहतो, कुणाची तरी बोट येईपर्यंत. "आपल्याच माणसांनी अडवलं," नवरा कुडकुडत म्हणाला. झाकण तो नीट बसवायला विसरला नाही, ही त्याची हुशारी. ते सैल राहिलं तर बोटीत पाणी भरतं.

सासूबाई आल्या आणि त्यांच्यासोबत चाकांच्या दोन कडक बॅगा आल्या, तेवीस-तेवीस किलोंच्या. आत गोडा मसाला, मेतकूट, कोकम, थालीपिठाची भाजणी, पापड आणि तीन भांड्यांचा साडेसातशे वॅटचा मिक्सर. बॅगा दारातून आत जाईनात. बाहेर उघडून माल आत नेला आणि डाव्या हाताच्या कपाटात रचला. रात्री वरण ताटात एका बाजूला जायला लागलं. बोट दोन बोटं कलली होती. सगळा दोष भाजणीवर टाकता येणार नाही. नव्या बोटीत संडासाची टाकी आहे, तीही डावीकडेच, आणि भरत आली की आजीबाई तसं कलून कळवतात. जुन्या बोटीत सुटकेसएवढा डबा होता, दर तीन दिवसांनी तो हातात धरून ओतायला न्यावा लागायचा. आता पैसे देऊन पंपानं उपसून घ्यायची. दोन बोटवाले प्रथमच भेटले तर हवामानाच्या आधी यावरच बोलतात, डबा बरा की टाकी बरी. यावरून मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. सासूबाईंसमोर हा विषय कसा काढावा याची मी आठवडाभर तालीम केली होती. त्यांनी पहिल्याच सकाळी आत जाऊन, बाहेर येऊन शेरा दिला: "स्वतंत्र आहे. छान."

त्यांचं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं, हे मी विसरलेच होते. एकशे साठ चौरस फुटांची खोली, मजल्याला सामाईक संडास, घरात माणसं नऊ. आमची जुनी बोट आतून जवळपास तेवढीच होती, आणि तिच्यात तिसरं माणूस मावणार नाही म्हणून आम्ही इतकं सगळं केलं! सासूबाईंना बोटीत काही शिकवावं लागलं नाही. सहाशे लिटरची पाण्याची टाकी दोघांत आम्ही नऊ दिवसांत संपवायचो. तिघांत ती बारा दिवस पुरली. सासूबाई बादलीत पाणी घेऊन तांब्यानं अंघोळ करायच्या, तीही पाऊण बादली. उशा दिवसा कुठं जातात, चादरी कशाखाली सपाट होतात, ओल्या चपला कुठं उलट्या ठेवायच्या, हे त्यांना उपजत ठाऊक. कपाटातलं सामान त्यांनी तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना सारखं वाटून लावलं आणि वरण सरळ झालं.

अडलं ते फक्त मिक्सरवर. बोटीत वीज साठवणीची. उन्हाळ्यात छपरावरच्या सौरपट्ट्या भागवतात, नोव्हेंबरात त्या नुसत्या शोभेच्या; मग इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या. साडेसातशे वॅटचा मिक्सर सुरू केला की दिवे मंदावतात, फ्रिज कण्हतो आणि इन्व्हर्टर शिटी मारून सगळंच बंद करतो. इंजिन चालू ठेवून मिक्सर लावला तर चालतं. पण रात्री आठ ते सकाळी आठ उभ्या बोटीचं इंजिन चालवायला कालव्यावर मनाई आहे. म्हणजे रात्री आठनंतर ओल्या खोबऱ्याची चटणी बेकायदा.

सासूबाईंनी नियम ऐकून घेतला, काही बोलल्या नाहीत. त्या रात्री नऊला त्यांनी कपाटातून लोखंडी खलबत्ता काढला आणि लसणाची चटणी कुटायला बसल्या. पोलादी बोटीत, पोलादी बुडावरच्या फळीवर लोखंडी खलबत्ता; घंटेच्या आत बसून घंटा वाजवल्यासारखं. आणि पोलादाचा आवाज पाण्यातून फार लांब जातो. दहाव्या ठोक्याला दारावर टकटक झाली. शेजारच्या बोटीतले गृहस्थ, पायजम्यावर कोट, हातात विजेरी आणि पान्हा. तुमच्या इंजिनात काही तरी सुटलंय, आवाज फार वाईट आहे, मी बघून देतो, असं म्हणत ते आत आलेसुद्धा. आत इंजिन बंद, आणि फळीवर मांडी घालून एक नऊवारीतल्या बाई. गृहस्थांना पोळीवर चटणी दिली. खाऊन ते बराच वेळ काही बोलले नाहीत, डोळे पुसले आणि उरलेली कागदात बांधून मागून नेली. कालव्यावर बातमी बोटीपेक्षा वेगानं जाते. पुढं कितीतरी मैलांवर, कधी न पाहिलेले लोक काठावरून विचारायचे, की त्या लसूणवाल्या बाई याच बोटीवर का?

आमचं घर एका जागी नसतंच. ज्यांना ठरावीक धक्का नाही त्यांनी एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही, असा १९९५ चा कायदा आहे. "म्हणजे दर पंधरवड्याला शेजार बदलणार," सासूबाई म्हणाल्या, "भांडण मुरायला वेळच नाही." असं दर पंधरवड्याला सरकत आम्ही स्टोक ब्रुअर्नला पोचलो. तिथं कालव्यांचं संग्रहालय आहे, आणि जुन्या मालवाहू बोटींवरची खोली कशी असायची ते पाहायला मिळतं. सत्तर फुटी बोट, पण माल ठेवायला जागा हवी म्हणून माणसांना मागं दहा बाय सातची खोली. त्यात नवरा, बायको आणि असतील तेवढी मुलं. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकानं आरडाओरडा केला म्हणून १८७७ मध्ये कायदा झाला आणि या खोल्यांची राहण्याच्या जागा म्हणून नोंद होऊ लागली. बाकीचे लोक 'अरेरे' करत पुढं सरकत होते. सासूबाई दारात उभ्या राहून एकेक वस्तू वाचत होत्या. कपाटाचं दार खाली पाडलं की टेबल. भिंतीतून उघडणारा पलंग. दाराशी चूल, म्हणजे धूर बाहेर. तिथल्या भिंतींवर लेसच्या झालरी आणि नक्षीच्या बशा टांगलेल्या.

"बाई टापटिपीची होती," त्या म्हणाल्या. आणि बाहेर आल्यावर आमच्या बोटीकडे, पुढून मागपर्यंत, सावकाश पाहून: "एवढी लांब, आणि पापड वाळत घालायला जागा नाही." दुसऱ्या दिवशी छपरावर, सौरपट्ट्यांवर जुनं धोतर अंथरून बटाट्याचा कीस पडला. त्या दिवशी बॅटऱ्या भरल्या नाहीत.

त्या परत गेल्या त्याला आता चार महिने झाले. खलबत्ता ठेवून गेल्या, मिक्सर परत नेला. डोंबिवलीला घरी पोचल्यावर सगळ्यांना सांगितलं असणार, कारण येत्या उन्हाळ्यासाठी आतापर्यंत पाच नातेवाइकांचे फोन आले आहेत. जरूर या. जागा आहे, सतरा फूट आहे. फक्त चाकांची कडक बॅग आणू नका, कापडी पिशवी आणा. भाजणी आणलीत तर ती दोन सारख्या पुड्यांत बांधून आणा. आणि विमानात बसण्याआधी एक फोन करा, म्हणजे त्या आठवड्यात आमचं घर कुठं आहे ते सांगता येईल.